चौथ्या लेमातील सातवी ओळ

३ मार्च

पंच्याहत्तरीनिमित्त माझे निवडक शोधनिबंध एका खंडात प्रसिद्ध व्हायचे आहेत. संपादक माझाच शेवटचा विद्यार्थी. आता विभागप्रमुख आहे, तरी माझ्यासमोर अजून खुर्चीच्या कडेवरच बसतो. आज त्याने मुद्रितांचा गठ्ठा आणला आणि सोबत एक कोरी वही.

"सर, रोज थोडं थोडं लिहीत जा. आठवेल तसं. प्रस्तावनेला उपयोगी पडेल."

दैनंदिनी लिहिणाऱ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. ज्याला स्वतःशीच बोलायचे आहे त्याने कागद कशाला खराब करावा? तरी वही चांगल्या कागदाची आहे आणि मुद्रिते परत करायला चार आठवडे आहेत. प्रयोग करून पाहतो.

पत्नीचे म्हणणे असे की मला ऐकू कमी येते. माझे म्हणणे असे की लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. दोन्ही गृहीतके निरीक्षणांशी सुसंगत आहेत; त्यांपैकी माझे अधिक सोपे आहे.

"सोपं तुम्हाला," ती म्हणाली. "मला मेलं प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागतं."

५ मार्च

पत्नी दर गुरुवारप्रमाणे मैत्रिणीकडे गेली. घर शांत. खंडातला चौथा निबंध हाती घेतला.

हा निबंध म्हणजे माझे नाव. ज्यांना माझे दुसरे काहीही ठाऊक नाही त्यांना एवढे ठाऊक असते. विषय परक्या माणसाला सांगायचा तर असा: कोणताही गुंतागुंतीचा आवाज साध्या स्वरांच्या बेरजेने बनलेला असतो. त्या स्वरांच्या पट्ट्याचे तुकडे करायचे, एकेक तुकडा वेगळा मोजायचा, आणि तुकड्यांवरून अख्ख्या आवाजाविषयी काही खात्रीने सांगायचे, हा हार्मोनिक अ‍ॅनालिसिसचा नित्याचा उद्योग. माझे प्रमेय म्हणते की तुकडे कितीही करा, दोन करा की दोन कोटी, चूक एका ठरावीक मर्यादेबाहेर जात नाही. 'कितीही' या एका शब्दावर प्रमेयाची सारी प्रतिष्ठा उभी आहे.

चौथ्या लेमाच्या सातव्या ओळीशी थांबलो. लेमा म्हणजे प्रमेयाकडे नेणारी पायरी. चहा घेतला, ओळ पुन्हा वाचली. उद्या पाहू.

६ मार्च

सातवी ओळ.

९ मार्च

चार दिवस दुसरे काही केलेले नाही. आता लिहिणे भाग आहे.

आमच्या शास्त्रात एक सोय आहे. सिद्धता मांडताना असंख्य किरकोळ आकडे येतात: इथे दोनने गुणले, तिथे तीन मिळवले. त्यांचा माग ठेवत बसले तर मूळ विचार दिसेनासा होतो. म्हणून आरंभीच लिहून टाकायचे, 'येथे सी हा स्थिरांक असून त्याची किंमत ओळीगणिक बदलू शकते.' पहिल्या ओळीतला सी आणि दहाव्या ओळीतला सी एकच नव्हेत, हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी विचारत नाही. यात लबाडी नाही. अट एकच: ज्या गोष्टीपासून सी स्वतंत्र असल्याचा आपला दावा आहे, ती गोष्ट गुपचूप त्याच्या पोटात जाता कामा नये.

सातव्या ओळीत ती गेली आहे. तुकड्यांची संख्या. तुकडे दुप्पट केले की सी थोडा फुगतो; पुन्हा दुप्पट केले की पुन्हा तेवढाच. चाल मुंगीची आहे, पण या मुंगीला वाटेत भिंत नाही. 'कितीही' हा शब्द गेला. उरते ते एक दुबळे, सावध, कोणालाही सुचण्याजोगे प्रमेय.

ही शंका एकतीस वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने चर्चावर्गात काढली होती असे आठवते. संशोधनाला नुकतीच लागलेली मुलगी, प्रत्येक ओळीला हात वर. मी तिचे नाव शंकाबाई ठेवले होते आणि ते विभागात रूढ झाले. तिने विचारले होते, "सर, सातव्या ओळीतला सी तुकड्यांच्या संख्येवर अवलंबून नाही ना?" मी म्हणालो, "सी म्हणजे घरजावई. किती खातो ते विचारायचं नसतं." वर्ग हसला. घाईत माझे त्या प्रश्नाकडे लक्ष गेले नाही, इतकेच.

हे पान संपादकाला द्यायचे नाही.

१० मार्च

संपादक येऊन गेला. उत्साहात होता.

"सर, खंडाच्या पहिल्याच पानावर तुमचं ते वाक्य टाकतोय. घरजावई."

"कशाला?"

"अहो सर, विभागात अजून चालतं ते! परवा वर्गात एका मुलीनं विचारलं, हा सी आला कुठून, तर मीसुद्धा तेच ठोकून दिलं. हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची."

"आणि ती?"

"ती कोण?"

"जिने विचारलं ती."

त्याने क्षणभर विचार केला. "हसली असेल की."

मी त्याला सातव्या ओळीविषयी काही सांगितले नाही. बिस्किटे पुढे केली.

१३ मार्च

मूळ हस्तलिखित पाहावे असे ठरवले. पत्नीला विचारले, तर ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "माळ्यावर, खिडकीकडचं खोकं. वरच असेल." मी स्टुलावर चढलो, तिने स्टूल धरले.

हस्तलिखितावर धुळीचा थर होता. त्याच्यावर एक हिरवी वही होती. ती त्या मानाने अगदी स्वच्छ निघाली. पुठ्ठा चांगल्या प्रतीचा असावा.

वही शंकाबाईची. पानाच्या माथ्यावर तारीख: १४ सप्टेंबर. खाली सुबक रकाने: दोन तुकडे, चार, आठ, सोळा. प्रत्येकासाठी सातव्या ओळीतला सी हाताने काढलेला. शेवटी एक वाक्य: 'प्रत्येक दुपटीला वाढ जवळपास सारखीच. थांबेल असे दिसत नाही.' आणि त्याखाली लाल शाईत, माझ्या अक्षरात: 'उदाहरणे म्हणजे सिद्धता नव्हे. प्रश्न नीट विचारायला शिका.'

यातले पहिले विधान निर्दोष आहे. तेच मला सहन होत नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी तिने संशोधन सोडले. जाताना वही आमच्या दारात देऊन गेली होती, पत्नीने घेतली. निरोप होता, "सरांना सांगा, आता उत्तर नको." मी त्या वेळी पत्नीला म्हणालो होतो, ठेव कुठेतरी.

"सापडलं का?" खालून आवाज आला. हे मला पहिल्याच खेपेस ऐकू आले.

"हो. हस्तलिखित."

"बरं. उतरा हळू."

१४ मार्च

खंडासाठी शुद्धिपत्राचे मसुदे केले.

पहिला: 'चौथ्या लेमातील स्थिरांकाचे स्वरूप अधिक स्पष्ट करता येण्याजोगे आहे.' या वाक्यात कर्ता नाही. कोणी स्पष्ट करायचे होते आणि कोणी केले नाही, हे वाक्य सांगत नाही. ते त्याचसाठी रचलेले आहे. फाडला.

दुसरा: 'लेखकाच्या नुकतेच लक्षात आले आहे की...' येथे कर्ता आहे. पण 'नुकतेच' तपासावे लागेल.

९ तारखेला मी 'लक्ष गेले नाही' असे लिहिले. ते असत्य आहे. लक्ष गेले होते. एकदा पाहावे असे वाटलेही होते; परंतु निबंध पाठवण्याची मुदत जवळ होती आणि पाहायचे राहून गेले.

दुसराही फाडला.

१७ मार्च

पत्नीने तिच्या ओळखीच्या एका श्रवणतज्ज्ञ बाईंकडे वेळ घेतली होती. "हात चांगला आहे त्यांचा," म्हणाली. विरोध करण्याची शक्ती सध्या माझ्यात नाही.

काचेची लहान खोली, भिंतींना जाड कापड, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, आखूड केस, जाड भिंगांचा चष्मा. "आवाज आला की दाबा. बारीक आला तरी दाबा," एवढे सांगून काचेपलीकडे बसल्या.

दोन मिनिटांत माझ्या ध्यानी आले की स्वर साधारण चार सेकंदांच्या अंतराने येत आहेत. आवर्तन एकदा सापडल्यावर पुढचे सोपे होते. मी व्यवस्थित, ठेक्यात बटण दाबत गेलो आणि परीक्षा उत्तम चालल्याचे समाधानही वाटू लागले.

बाईंनी दार उघडले.

"शेवटच्या मिनिटात तुम्ही पंधरा वेळा बटण दाबलंत."

"हो."

"मी त्या मिनिटात चारच आवाज सोडले होते." त्या थांबल्या. "खरंच ऐकू आलं, की येणारच असं धरून चाललात?"

चेहऱ्यावरून ओळख पटली नव्हती, आवाजावरूनही नाही. प्रश्नावरून पटली.

"तुम्ही..." मी म्हणालो. "तू..."

"तूच म्हणा सर. तेव्हाही म्हणत होतात."

परीक्षा पुन्हा झाली. या वेळी अंतरे मुद्दाम वेडीवाकडी होती आणि मी फार थोड्या वेळा बटण दाबले. मग तिने आलेख समोर ठेवला. डावीकडे रेषा सरळ, उजवीकडे जिना उतरावा तशी खाली गेलेली. आयुष्यभर असे आलेख पाहिले. स्वतःचा पाहण्याची वेळ पहिलीच.

"उंच, बारीक आवाज गेलेत," ती म्हणाली. "बायकांचं, मुलांचं बोलणं आधी निसटतं. पुरुषांचं ऐकू येत राहतं, त्यामुळे आपल्याला सगळं ऐकू येतंय असंच वाटतं माणसाला."

"हे किती वर्षांपासून असेल?"

"ते आलेख सांगत नाही. सहसा घरच्यांना आधी कळतं."

पत्नी भिंतीवरचे कानाचे चित्र मन लावून पाहत होती. "काकू, चहा घ्या," शंकाबाई तिला म्हणाली, "बिनसाखरेचाच आहे." पहिल्या भेटीत एवढे हेरले, निरीक्षण पूर्वीइतकेच तीक्ष्ण आहे.

सातव्या ओळीविषयी बोलण्याची हीच वेळ होती. माझ्या तोंडून निघाले, "कानातल्या यंत्राची बॅटरी किती दिवस चालते?"

"आठवडाभर," ती म्हणाली.

परतताना मी योगायोगाचा विचार केला. या शहरात असे निदान पंधरा दवाखाने असतील. नेमका हाच निघावा याची संभाव्यता सात टक्क्यांहून कमी येते. पत्नीला तसे सांगितले. ती म्हणाली, "होतं असं कधी कधी."

१९ मार्च

पत्नी मैत्रिणीकडून परतली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "तुमचे सगळे निबंध मीच टंकले, आठवतंय ना?"

"न आठवायला काय झालं?"

"मग ते चौथ्या लेमाचं पानही आठवत असेल. एका सीच्या पायाशी तुम्ही पेन्सिलीनं बारीकसा एन काढला होतात आणि खोडला होतात. मी विचारलं, हा टंकायचा का? तर म्हणालात, राहू दे."

"असं म्हणालो होतो?"

"दोनदा म्हणालात. मला तेव्हा चांगलं ऐकू येत होतं, आताही येतं."

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी हस्तलिखिताचे पान खिडकीशी उजेडात धरले. खोडरबराने कागद विरळ झालेला. मध्ये एनचे दोन पाय अजून दिसतात.

सीच्या पायाशी एन लिहिला की त्याचा अर्थ एवढाच होतो: हा सी तुकड्यांच्या संख्येवर अवलंबून आहे. आमच्या व्यवसायात तो कबुलीजबाब असतो.

तेव्हा १४ तारखेची नोंदही असत्य आहे. पाहायचे राहून गेले नव्हते. मी पाहिले होते. दोन तुकड्यांसाठी, मग चार तुकड्यांसाठी. आठ करायला घेतले नाहीत, कारण आठांचे उत्तर काय येणार हे मला कळले होते. एन लिहिला, सकाळी खोडला. पुढे एकतीस वर्षे मी त्या ओळीवर व्याख्याने दिली. ती पोर सोळापर्यंत गेली आणि मी तिला प्रश्न विचारायला शिकवत होतो.

प्रमेय चुकले याची शरम वाटेल असे ९ तारखेला वाटले होते. प्रमेये चुकतात, त्याची शरम आठवडाभर पुरते. ही वेगळी आहे. हिच्याविषयी कोणाला सांगावे म्हटले तर सांगण्यासारखी एकच व्यक्ती आहे, आणि तिला ती आधीपासून ठाऊक असणार.

२४ मार्च

यंत्र बसवायला एकटाच गेलो. पत्नी म्हणाली, "तुमचं तुम्ही जा. मी गुरुवारी जातेच."

यंत्र सुरू झाल्याबरोबर प्रथम माझ्याच सदऱ्याची सळसळ ऐकू आली, मग कागदाची. तिच्या बोलण्याला धार आली. मी आता थांबलो असतो तर पुन्हा बॅटरीविषयीच बोललो असतो.

"सातव्या ओळीतला सी तुकड्यांवर अवलंबून आहे," मी म्हणालो.

ती स्क्रू फिरवत होती. हात थांबला नाही.

"आहेच, सर."

"तुला केव्हापासून ठाऊक?"

"वही दिली तेव्हा अंदाज होता. नंतर बत्तीस तुकडे केले, चौसष्ट केले. मग एक उदाहरण सापडलं, त्यात वाढ कधीच थांबत नाही. सिद्धतेसकट."

"मग प्रसिद्ध का नाही केलंस?"

"कुठे? तुमच्या त्या लेमावर कोणी काही लिहिलं की परीक्षणाला तुमच्याकडेच यायचं." मग जरा हसली. "आणि शंकाबाईची शंका कोण छापतंय? माझ्या साखरपुड्यात तुमच्या विभागातल्या एका शहाण्यानं माझ्या नवऱ्याला सांगितलं, जपून राहा, ही घरजावयाचंसुद्धा ताट मोजते. सगळे हसले. मीही हसले. हसले, म्हणून जास्त राग येतो."

मी खोडलेल्या एनविषयी सांगितले. तेव्हा मात्र तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. हे तिला ठाऊक नव्हते. तेव्हा १९ तारखेचे माझे शेवटचे वाक्यही चुकले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "मला इतकी वर्षं वाटायचं, सरांना पटलं नाही. माझं मांडणं कमी पडलं. त्याचं मला... असू दे."

बाहेर कोणी तरी खुर्ची ओढली, तीही मला ऐकू आली. शेवटी मी म्हणालो की खंडात शुद्धिपत्र देतो आहे, त्यात तिचे नाव घालून आभार मानण्याची परवानगी असावी.

"आभार नकोत."

"पण श्रेय..."

"आभार म्हणजे काम तुमचं आणि मी हातभार लावला. असं झालेलं नाही. नाव घाला आणि तारीख घाला. मी केव्हा विचारलं त्याची तारीख. बाकी वाचणारे वाचतील."

हिची मागणी नेहमीप्रमाणे नेमकी आहे. तारखेविना ती चूक ठरते. तारखेसह काय ठरते, हे मी तिच्यासमोर उच्चारू शकलो नाही. येथेही शब्द सुचत नाही असे नाही.

निघताना म्हणाली, "दोन आठवड्यांनी या. पुन्हा जुळवावं लागतं." माफ केले असे काही म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. तिच्या हातात आणखी एक ओझे द्यायचे नव्हते. की धीर झाला नाही? दोन्ही लिहून ठेवतो.

२६ मार्च

शुद्धिपत्र संपादकाला पाठवले. तासाभरात त्याचा फोन.

"सर, वाचलं. म्हणजे... गणित बरोबरच आहे. पण माझा पहिला निबंधही त्याच लेमावर उभा आहे, सर."

"माहीत आहे. तोही पडेल. मी तुझी माफी मागतो."

"अहो, तसं नाही... सर, एवढी तारीख कशाला? 'पूर्वी एका विद्यार्थिनीने निदर्शनास आणले होते' असं करू. सभ्य दिसेल."

"'पूर्वी' म्हणजे केव्हा?"

"पूर्वी म्हणजे... पूर्वी, सर."

"तो सी झाला," मी म्हणालो. "प्रत्येक वाचक आपल्याला सोयीची किंमत घालेल. तारीख राहू दे. आणि पहिल्या पानावरचं ते वाक्य काढ. ज्या मुलीने परवा वर्गात विचारलं, तिला बोलावून सी कुठून आला ते दाखव."

पलीकडे तो गप्प झाला. पूर्वी अशा वेळी मी मोठ्याने 'हॅलो' म्हटले असते. आज त्याचा श्वास ऐकू येत होता.

२७ मार्च

शुद्धिपत्राची अंतिम प्रत पत्नीने टंकली. म्हणाली, "बाकीचं सगळं मी टंकलं, मग हे का दुसऱ्यानं?" टंकून झाल्यावर मोठ्याने वाचू लागली आणि तारखेशी थांबली.

"चौदा सप्टेंबर नव्हे. बारा."

"वहीवर चौदा आहे."

"वहीवर आहे. तिनं विचारलं बाराला. त्या दिवशी माझी बहीण जेवायला होती. तुम्ही घरजावयाचा विनोद ताटावर सांगितलात, ती हसली. मग हात धुतलेत आणि टेबलाशी जाऊन बसलात. सकाळी मी खोडरबराचा चुरा झाडला."

फरक दोन दिवसांचा आहे, आणि वाचणाऱ्याला त्यात काही वावगे दिसणार नाही. पण १४ लिहिले तर आधी तिची वही येते आणि मग माझे जाणणे. लाल शाई घाईची ठरू शकते. १२ लिहिले तर एन माझा, आधीचा; आणि लाल शाई ज्याने वापरली त्याला उत्तर ठाऊक होते. चौदा मी वहीवरून उतरवले होते. बारा मला आठवत नव्हते, असे येथे लिहिणार होतो. या वहीत अशी वाक्ये पुरेशी झाली.

"आणि एन खोडला तेही येऊ दे," मी म्हणालो. "बाराच्या संध्याकाळी लिहिला, तेराच्या सकाळी खोडला. कर्ता मी."

तिने टंकले. मग पडद्यावरून नजर न काढता, अगदी हळू आवाजात म्हणाली, "बारा मी आधीच केलं होतं."

पूर्वी हे मला दोनदा सांगावे लागले असते.